कोलॅजन पावडरने त्वचा खरंच घट्ट होते का?

प्रश्न: माझं वय ४४. गाल सैल पडायला लागलेत, हनुवटीखाली तर जास्तच. मैत्रीण रोज कोलॅजन पावडर घेते, खूप फरक पडला म्हणते. मी पण सुरू करू का?

उत्तर: ताई, घेतलीत तर सहसा अपाय होत नाही, पण गाल वर उचलले जातील अशी आशा धरू नका. कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारा घटक, शेवटी प्रोटीनच, ते पोटात पचतं, थेट गालात जाऊन बसत नाही. हां, पचल्यावर त्याचे काही बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड्स, रक्तात पोचतात हे खरंय, आणि ते त्वचेतल्या पेशींना नवीन कोलॅजन बनवायला चालना देत असावेत असं म्हणतात, त्यामुळे सगळंच थोतांड म्हणून उडवून लावता येत नाही.

२०१४ मध्ये ३५ ते ५५ वयाच्या ६९ बायकांवर एक प्रयोग झाला, रोज अडीच किंवा पाच ग्रॅम, आठ आठवडे, आणि लवचिकता वाढलेली दिसली. पण ही लवचिकता मोजतात कशी, तर एक छोटं यंत्र त्वचा किंचित आत ओढून सोडतं आणि ती किती परत जागेवर येते ते बघतं. तो आकडा सुधारला म्हणून आरशात फरक दिसेलच असं नाही. आणि २०२५ मध्ये असे २३ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा एकूणात फायदा दिसला, पण कंपन्यांच्या पैशांशिवाय झालेले तेवढेच वेगळे काढले तर दिसला नाही! मला हे फार खटकतं.

हनुवटीखालचं सैलपण तर नुसत्या कोलॅजनचं नसतंच, वयाबरोबर चेहऱ्याची चरबी सरकते, हाडं झिजतात, तिथे पावडर काय करणार.

त्यापेक्षा सनस्क्रीनवर खर्च करा, अगदी मनापासून सांगतेय. उन्हाने कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स वाढतात. ऑस्ट्रेलियात ९०० वर लोकांना साडेचार वर्षं बघितलं, तर रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. रात्री रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या जातीचं क्रीम, लावायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

तरी पावडर घ्यायचीच असेल तर ती मासळीची आहे की गुराढोरांची ते लेबलवर बघा, मासळीची ॲलर्जी असेल तर हे फार महत्त्वाचं. सुरू करण्याआधी एक फोटो काढा, तीन महिन्यांनी त्याच उजेडात दुसरा, आणि फरक दिसला नाही तर सरळ बंद करा.