फ्रेम मोडली, काचा शाबूत: आता काय करावं?

जाड तपकिरी शेल फ्रेम नाकावर मधोमध तुटली. फेविक्विकने जोडली, पण चार दिवसांत पुन्हा सुटली. आता काचेच्या कडेला पांढुरका थर दिसतो. काचा प्रोग्रेसिव्ह (दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणाऱ्या) आणि महागाच्या आहेत. दुरुस्ती होईल का? (शिक्षिका, नाशिक)

ही फ्रेम दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. काचा वाचवता येतात का, ते बघा.

फेविक्विक वाळताना त्याची वाफ निघते आणि जवळच्या काचेवर बसते, तोच हा थर. शिवाय तो जोड कडक आणि ठिसूळ होतो. चष्मा घालता-काढताना नाकावरचा भाग दरवेळी किंचित वाकतो, त्यामुळे तो जोड टिकत नाही. शेल फ्रेम बहुधा अ‍ॅसिटेटची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची असते. ती जोडायची खरी रीत वेगळी आहे. तुटलेल्या कडा द्रावकाने मऊ करून एकमेकींत दाबायच्या, पक्क्या वाळू द्यायच्या आणि मग कानशीने घासून पॉलिश करायचं. पण त्यासाठी कडा कोऱ्या लागतात. तुमच्या कडांवरचा गम खरवडताना थोडं मटेरियलही जाणार आणि दोन काचांमधलं अंतर कमी होणार. साध्या नंबरात एखादा मिलिमीटर चालून जाईल, प्रोग्रेसिव्हमध्ये मात्र बाहुलीसमोर नेमका बिंदू यावा लागतो. तो सरकला की वाचताना मान वाकडी करावी लागते.

काडीच्या आतल्या बाजूला 52-18-140 असे आकडे असतील: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. मॉडेल नंबरही तिथेच असतो. तीच फ्रेम मिळाली तर काचा जशाच्या तशा बसतात. नाही मिळाली तर थोड्या लहान आकाराची फ्रेम शोधावी लागेल, कारण काच घासून लहान करता येते, मोठी करता येत नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये त्यालाही मर्यादा आहे: खालून जास्त घासलं की वाचनाचा भागच जातो. काचेवर कंपनीच्या बारीक, सहज न दिसणाऱ्या खुणा असतात. त्यावरून चष्मेवाला तुमचा बिंदू पुन्हा आखू शकतो, तसं त्याला स्पष्ट सांगा. पांढरा थर घरी नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने फ्रेम विरघळते आणि पॉलिकार्बोनेटची काच असेल तर तीही खराब होते. थर नेमका नजरेसमोर असेल, किंवा डोळे तपासून दोन वर्षं होऊन गेली असतील, तर आधी नंबर तपासा. जुन्या नंबरच्या काचांसाठी नवी फ्रेम घेण्यात अर्थ नाही.

हाफ रिम चष्म्याची खालची दोरी तुटून काच निसटली. दुकानदार नवी फ्रेम घ्या म्हणतो. (वाचक, सांगली)

घेऊ नका. ती नायलॉनची दोरी बदलून मिळते, थोड्या वेळाचं काम आहे. काचेच्या कडेचा टवका उडालाय का, तेवढं पाहून घ्या. हा दुकानदार तयार नसेल तर दुसऱ्याकडे जा.

धातूच्या फ्रेमची काडी बिजागरीपाशी तुटली. एक जण डाख लावून देतो म्हणतो, दुसरा म्हणतो टायटेनियम आहे, होणार नाही. कोणाचं ऐकू? (वाचक, कोल्हापूर)

आधी नीट बघा, कदाचित फक्त स्क्रू पडला असेल. तसं असेल तर टाचणी किंवा तार अडकवून दिवस काढू नका, भोक मोठं होतं. काडीच तुटली असेल तर त्या मॉडेलची सुटी काडी मिळते का, ते विचारा.

बिजागरीचा जोडच गेला असेल, तर साध्या धातूला डाख लागतो. काचा आधी काढून घ्यायलाच हव्यात, आचेने कोटिंग तडकतं. जोडाभोवतीचा मुलामाही थोडा काळवंडतो. टायटेनियमची गोष्ट वेगळी. तापल्यावर ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून त्याला लेझर किंवा आर्गॉन वायूखालचं वेल्डिंग लागतं. ती सोय नसलेल्या दुकानात त्याला आच लावू देऊ नका. नाही म्हणणारा दुकानदार तुमच्याशी प्रामाणिक आहे.

आठ वर्षांच्या मुलीची टीआर-९० फ्रेम, काडी पुन्हा पुन्हा तुटते. डोळा आळशी आहे म्हणून डॉक्टरांनी चष्मा कायम घालायला सांगितलाय. दुरुस्त करावी की नवी घ्यावी? (आई, लातूर)

नवी घ्या, आणि आजच ऑर्डर द्या. टीआर-९० हे नायलॉन आहे, त्याला गम नीट धरत नाही. सुटी काडी लगेच मिळाली तर उत्तम, पण आठवडाभर थांबा म्हणत असतील तर थांबू नका. आळशी डोळ्याच्या उपचारात मुलीने चष्म्याशिवाय राहता कामा नये. या वयात मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकत असतो. नवा येईपर्यंत काडी टेपने बांधा; चष्मा नाकावर सरळ बसतोय आणि टोचत नाहीये, एवढं पाहा. शाळेत कोणी हसलं तर बाईंशी बोला, पण चष्मा उतरवू देऊ नका.

सारखी एकच काडी मोडते का? मग ती एका हाताने चष्मा ओढून काढत असेल. दोन्ही हातांनी काढायला शिकवा. फ्रेम सैल असली तरी मुलं ती सारखी वर ढकलतात, म्हणून माप मुलीला बसवूनच घ्या, तिला घरी ठेवून जाऊ नका. नंबरही नव्याने तपासून घ्या. जमलं तर दोन चष्मे करा, एक दप्तरात आणि एक घरी.