वाईकडून की पोलादपूरकडून? महाबळेश्वरच्या घाटांबद्दल तुमचे प्रश्न

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की या सदरात सायकलने महाबळेश्वरला जाण्याचे प्रश्न यायला लागतात, यावेळी तर एवढे आलेत की या अंकात दुसरं काहीच घेतलं नाही. चला, सुरू करू.

ताई, वय ४४, हायब्रिड सायकल आहे. दर रविवारी पुण्याच्या आसपास ५०-६० किलोमीटर आरामात होतात. वाई ते महाबळेश्वर फक्त ३२ किलोमीटर दिसतंय, म्हणजे दोन तासात पोचायला हरकत नाही ना? (एक वाचक, पुणे)

दादा, हे ३२ किलोमीटर तुमच्या रविवारच्या ३२ सारखे नाहीत. वाई साधारण ७२० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी १३०० च्या जवळपास, आणि ही सगळी उंची पसरणी घाटात बारा-तेरा किलोमीटरमध्ये चढायची आहे. म्हणजे सरासरी साडेचार-पाच टक्के चढ, जो तसा बघायला गेलं तर भयंकर नाही पण तो सोडतच नाही, मध्ये पाय सैल सोडायला सपाट तुकडा मिळत नाही आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तेच जड जातं. घाटाला दीड तास धरा, पाचगणीत चहा-पोहे, मग पुढे महाबळेश्वरपर्यंत दीड तास. चार तास हातात ठेवून निघालात तर दिवस मजेत जाईल.

तयारी कुठे करायची म्हणाल तर सिंहगड. तिथे पसरणीपेक्षा कमी अंतरात जवळपास तेवढीच उंची चढावी लागते, म्हणजे चढ जास्त तीव्र. सिंहगड न थांबता झाला की पसरणीची भीती मनातून काढून टाका.

वाईतून उजाडता उजाडता निघा, ढोल्या गणपतीला नमस्कार करून. पसरणी गाव लागेल (शाहीर साबळ्यांचं गाव हे, मी दरवेळी तिथे मनातल्या मनात हात जोडते) आणि तिथून घाट सुरू. पहिले तीन किलोमीटर मुद्दाम हळू जा, एवढं हळू की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. मी बघितलेले बहुतेक लोक पसरणीत वर जाऊन नाही दमत, खाली जोर लावल्यामुळे वर दमतात. अर्ध्यावर बुवासाहेबांचं मंदिर आहे तिथे पाणी प्या, खाली धोम धरणाचं पाणी आणि वाईचं खोरं दिसतं ते बघा, पण खायचं काही बाहेर काढू नका, माकडं आहेत.

पाचगणीनंतर रस्ता पठारावरून खालीवर होत जातो. शनिवार-रविवारी दहा नंतर गुरेघरपासून वेण्णा लेकपर्यंत गाड्यांची रांग असते आणि सायकलवाल्याला डावीकडे जागाच उरत नाही, त्यामुळे शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा, एक रजा गेली तरी चालेल.

मी महाडची. पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर करायची फार इच्छा आहे. घरचे म्हणतात तो रस्ता सायकलचा नाही. खरंच नाही का?

आहे ताई, सायकलचाच आहे, माझ्या मते तर महाबळेश्वरला जायचा सगळ्यात सुंदर रस्ता तोच. पण घरच्यांची काळजीही खोटी नाही म्हणून दोन्ही सांगते.

पोलादपूर कोकणात आहे, समुद्रसपाटीपासून फारसं वर नाही. तिथून महाबळेश्वर साधारण ४० किलोमीटर आणि चढाई जवळजवळ १३०० मीटर, म्हणजे पसरणीच्या दुपटीहून जास्त. सुरुवातीला सावित्रीच्या खोऱ्यातून कापड्यापर्यंत रस्ता गोडीगुलाबीने जातो, मग वळणं सुरू होतात आणि झाडी इतकी दाट होते की सकाळी कितीतरी वेळ ऊन अंगावर येत नाही. प्रतापगड समोर दिसायला लागला की वाटतं झालं, आलो. तिथेच फसायला होतं. कुंभरोशीजवळ आंबेनळीचा चढ संपतो खरा पण महाबळेश्वर अजून वीसेक किलोमीटर लांब असतं आणि मोठा चढ शिल्लक असतो. म्हणून कुंभरोशीला नीट बसून खा, पिठलं-भाकरी मिळाली तर उत्तमच, पाण्याच्या दोन्ही बाटल्या भरा आणि घड्याळ बघा. दुपारचे बारा वाजून गेले असतील आणि पाय बोलत असतील तर तिथून गाडी करून वर जाण्यात काहीही कमीपणा नाही.

पावसाळ्यात मात्र हा रस्ता नको. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता, त्या पावसात हा घाट जागोजागी तुटला आणि वाहतूक बंद पडली. दरडी सांगून येत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी पोलादपुरात एसटीवाल्यांना रस्ता कसा आहे ते विचारा, ते रोज जातात. आणि पहिल्यांदा तरी एकटीने नको, हे बाई म्हणून नाही म्हणत, पुरुषांनाही हेच सांगते, कारण घाटात कितीतरी ठिकाणी मोबाईलला रेंज नसते.

माझ्याकडे रोड बाईक आहे, पुढे ५०-३४ दात्यांची चक्रं आणि मागे ११-२८. मित्र म्हणतो कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदल. खर्च करू का? (कॉलेजचा विद्यार्थी, सातारा)

कर. ११-३२ किंवा ११-३४ घे, पण आधी तुझा मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एवढं मोठं चक्र घेतो का ते दुकानात विचार, सगळे घेत नाहीत. पुढे ३४ आणि मागे २८ वर चढ चढता येतो पण मिनिटाला पन्नास पॅडल मारत गुडघ्यावर जोर देऊन, आणि तुझ्या वयात गुडघे काही बोलत नाहीत, नंतर बोलतात.

चढण्यापेक्षा मला उतरायचीच भीती वाटते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) आहेत. पसरणी उतरताना काय काळजी घ्यावी? (एक वाचक, कराड)

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, फार कमी लोक विचारतात. माझं स्वतःचं सांगते. सुरुवातीच्या दिवसात मी पसरणी उतरताना घाबरून मागचा ब्रेक सलग दाबून ठेवला होता, वाटायचं हळू जातेय म्हणजे सुरक्षित आहे. रिम तापली आणि वळणाच्या अलीकडे मागची ट्यूब फाडकन फुटली. कशीबशी सरळ राहिले, कठड्याला जाऊन टेकले, मागून येणाऱ्या टेम्पोवाल्या दादांनी गाडी थांबवली, पाणी दिलं. हातपाय कितीतरी वेळ थरथरत होते.

तेव्हापासून एकच पद्धत. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करायचा, मग ब्रेक सोडायचे, रिमला वारा लागू द्यायचा. सलग घासत ठेवायचं नाही. वळणात शिरल्यावर ब्रेक नाही, नजर वळणाच्या शेवटाकडे, बाहेरचा पाय खाली. टायरमध्ये हवा जास्तीत जास्तपेक्षा थोडी कमी. ब्रेकपॅड घरीच बघून निघायचं. आणि दोन-तीन ठिकाणी थांबून रिमजवळ हात न्या, नुसती धग लागली तरी कळतं.

घाटात वर येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे, सायकलवर असलो तरी. एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेते, तिला घेऊ द्या.

महाबळेश्वरला तीन दिवस मुक्काम आहे. वर राहून करता येतील असे रस्ते सांगा, गर्दी नको. (दोघे मित्र, नाशिक)

एक दिवस तापोळा ठेवा. पंचवीस-सत्तावीस किलोमीटर, रस्ता अरुंद, आणि जवळजवळ सगळा उतार थेट कोयनेच्या शिवसागर जलाशयापर्यंत. जलाशयाची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वर १३५०, म्हणजे जेवढं हसत उतरलात तेवढं सातशे मीटर जेवण झाल्यावर परत चढायचं आहे. म्हणून तापोळ्याला पोटभर जेवू नका, हे कळकळीने सांगते. परत चढायचं नसेल तर लाँचवाल्याशी बोलून सायकली घेऊन बामणोलीला उतरा आणि कास पठारावरून साताऱ्याला जा. त्यातही बामणोली ते कास चढ आहेच, पण तो रस्ता, एका बाजूला खाली पाणी आणि वर १२०० मीटरवरचं उघडं पठार, मी शब्दात नाही सांगू शकत.

दुसऱ्या दिवशी केळघर घाट. महाबळेश्वरवरून मेढ्याला उतरायचं, तिथून कुडाळ, पाचवडमार्गे वाई आणि पसरणीने परत वर. पूर्ण गोल नव्वदच्या आसपास होतो, दमवणारा आहे, पण पाचगणीपर्यंत तरी पर्यटकांच्या गाड्या कमी. तिसऱ्या दिवशी आराम, फार तर क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळापर्यंत सहा किलोमीटर जाऊन या.

मुलगा तेरा वर्षांचा, त्याला सायकलवर घाट चढायचाय. मी घेऊन जाऊ का? (एक आई, ठाणे)

जा, पण पसरणीपासून सुरुवात नको. पहिल्या दिवशी वाईत राहा आणि सकाळी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट बघून पुढे धोमपर्यंत जा. रस्ता बराचसा सोपा आहे, ऊस आणि हळदीच्या शेतांमधून जातो, त्याचा आत्मविश्वास वाढेल. दुसऱ्या दिवशी घाटाला लागा, तुम्ही मागे गाडीत, हॅझर्ड लाइट लावून. तो थांबला की तुम्ही थांबायचं, "अजून किती राहिलं" विचारलं की खरं उत्तर द्यायचं. आणि बुवासाहेबांच्या मंदिराशी तो बास म्हणाला तर सायकल गाडीत टाका, वर भिलारला, म्हणजे पुस्तकांच्या गावात, स्ट्रॉबेरी खाऊ घाला आणि एखादं पुस्तक हातात द्या. पुढच्या वर्षी तोच म्हणेल चल.