नाताळच्या जादूच्या कार्यक्रमात रिकाम्या रंगमंचावर सांता अचानक प्रकट कसा करावा?

तुम्ही विचारलंय की मालवणजवळच्या वाडीत नाताळचा कार्यक्रम आहे, मांडव उघडा आहे, मुलं तिन्ही बाजूंना बसतात, खर्च फार झेपणार नाही आणि सांता मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत 'कुठूनच नाही' असा यायला हवा.

मी वेंगुर्ल्याकडचा. बरीच वर्षं शाळांतून जादूचे छोटे प्रयोग करतो आणि दशावतारी नाटकांच्या ट्रिकसीनला, म्हणजे चमत्काराच्या प्रसंगांना, लाइट सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतो: पेटीच्या मागे लागू नका. सांता अंगाने भरलेला, पोट सुटलेला, डोक्यावर टोपी. एवढा माणूस मावेल अशी फसवी पेटी मोठीच करावी लागते आणि मोठी पेटी दिसली की मुलं 'ह्यातून कोणीतरी येणार' म्हणून आधीच ओळखतात. सांताचा लाल झगा हीच तुमची खरी सोय आहे.

लाल कापड लाल दिसतं, कारण पांढऱ्या उजेडातला लाल भाग ते परत फेकतं आणि बाकीचा गिळतं. निव्वळ निळा उजेड टाकला तर परत फेकायला लाल काही उरतच नाही, झगा काळा दिसतो. मागे काळा पडदा आणि खाली काळं कापड असलं की दहा-बारा हातांवरून माणूस विरून जातो. मग निळा बंद आणि पिवळसर पांढरा सुरू, की लालभडक सांता समोर उभा. मी हे पहिल्यांदा तालमीत पाहिलं तेव्हा युक्ती माहीत असूनही अंगावर काटा आला होता.

आता ह्यातले अडथळे. झग्याची पांढरी किनार, दाढी आणि टोपीचा गोंडा निळ्यात लखलखतात. म्हणून सांताने प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहायचं, हात पोटाशी, म्हणजे दाढी, चेहरा आणि हातमोजे आपोआप लपतात. पाठीमागून दिसणारी किनार आणि गोंडा झाकायला डोक्यापासून घोट्यापर्यंत एक मोठी काळी शाल नुसती पांघरायची, बांधायची नाही. लाइट बदलायच्या क्षणी शाल सोडायची आणि वळायचं. ती काळ्या कापडावर पडते, कोणाचं लक्ष जात नाही. झगा चकचकीत सॅटिनचा नको, त्यावर निळा उजेड चमकतो. मखमल किंवा साधं सुती कापड घ्या. निळ्यासाठी एलईडी ‘पार’ लाइट (रंग बदलता येणारे रंगमंचाचे दिवे) भाड्याने मिळतात, त्यांचा फक्त निळा रंग चालू ठेवा. जुन्या हॅलोजनवर निळा जिलेटिन कागद लावून मी पाहिलं आहे. त्यातून थोडा लाल झिरपतो आणि झगा तपकिरी दिसायला लागतो.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन-चार बारीक पिवळे बल्ब प्रेक्षकांकडे तोंड करून लावा. डोळ्यांवर थोडा उजेड आला की त्यामागचा काळोख आणखी दाट वाटतो. ही काही माझी अक्कल नाही. बर्लिनच्या मॅक्स ऑझिंगरने १८८० च्या दशकात काळ्या मखमलीवर जी जादू उभी केली, ती अशाच काळोखावर उभी होती. बल्बांमुळे मांडवात पूर्ण अंधारही होत नाही. लहान मुलं घाबरत नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तरीही उजेडाची युक्ती हे अर्धंच काम. जागा खरंच रिकामी होती, हे मुलांना मनापासून पटलं पाहिजे. त्यासाठी आधी पूर्ण पांढऱ्या उजेडात चार मुलांना वर बोलवा, पडद्याला हात लावू द्या, मध्ये ठेवलेल्या बाकड्याखाली वाकून बघू द्या. दशावतारात तेच एक बाकडं सिंहासन होतं, इथे ते सांताचं आसन होईल. सांता ह्या वेळी पडद्यामागे नकोच, मांडवाच्या बाहेर ठेवा. मुलं खाली उतरली, निळा लाइट लागला, की मग त्याने पडद्याच्या फटीतून आत यायचं.

ते दहा सेकंद मुलांचे डोळे दुसरीकडे हवेत. त्याला मी चांदणी वापरतो. कागदाची, आत दिवा असलेली नाताळची चांदणी, मांडवाच्या मागच्या टोकापासून रंगमंचापर्यंत बांधलेल्या नायलॉनच्या दोरीवरून कप्पीने ओढायची. ती पेटली की सगळ्या माना मागे वळतात, मग तिच्याबरोबर हळूहळू पुढे येतात. चांदणी बाकड्यावर येऊन थांबते, लाइट बदलतो आणि तिच्याखाली सांता. आम्ही एका शाळेत केलं तेव्हा पहिल्या ओळीतली पोरं 'इलो, इलो!' म्हणून उभीच राहिली. पण त्याच्या आदल्या वर्षी उजव्या कोपऱ्यातल्या एका मुलीने 'पडद्यामागे कोणतरी असा!' म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ती बसली होती तिथून फट सरळ दिसत होती आणि मी तिथे बसून पाहिलंच नव्हतं. म्हणून तुम्ही दोन्ही टोकांच्या शेवटच्या जागांवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, स्वतः बसून बघा. पडदा सरळ न लावता दोन्ही बाजूंना पुढे वळवून घ्या, फट मधोमध ठेवा आणि फटीवर पडद्याची दोन टोकं हातभर एकमेकांवर येऊ द्या. दोन्ही बाजूंची मुलं थोडी सरकवून समोर आणता आली तर फारच उत्तम.

सावलीची जोड देता आली तर जरूर द्या. पांढरं धोतर ताणून बांधा, मागे एकच दिवा ठेवा. माणूस दिव्याजवळ गेला की सावली मोठी होते, कापडाजवळ आला की लहान आणि रेखीव. चांदणी निघण्याआधी टोपीवाली मोठी सावली एकदा चालून गेली की मुलांच्या मनात सांता आधीच शिरतो. आपल्याकडे सावलीचं शास्त्र नवं नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करतात, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. जमलं तर एकदा जाऊन बघा, दिवा आणि कापड यांतलं अंतर कसं सांभाळायचं ते तिथे डोळ्यांना कळतं.

आरशांबद्दल कोणीतरी सुचवेलच. १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ‘कर्नल स्टोडेअर’ नावाच्या जादूगाराने टेबलावरचं बोलतं मुंडकं दाखवलं, ते टेबलाच्या पायांमध्ये तिरपे बसवलेल्या आरशांवर. त्याआधी २४ डिसेंबर १८६२ ला, म्हणजे नाताळच्या आदल्याच संध्याकाळी, जॉन हेन्री पेपरने लंडनमध्ये मोठ्या काचेत भूत दाखवलं होतं. नट लपलेला, त्याच्यावर भरपूर उजेड, आणि तिरप्या काचेतलं त्याचं प्रतिबिंब रंगमंचावर. वाचायला सुंदर, पण उघड्या मांडवाला नको. खाऱ्या हवेत काच धूसर होते, बाजूची मुलं भलत्या कोनातून बघतात, आणि एवढी काच मुलांजवळ ठेवायला मन धजत नाही. शिवाय काचेतला सांता मुलांना खाऊ देऊ शकत नाही!

वाऱ्याचा विचार आधी करा. रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीकडून दर्याकडे. रंगमंचाची पाठ जमिनीकडे असेल तर पडदा फुगून पुढे येतो आणि फट उघडते. पडद्याच्या खालच्या शिवणीत लाकडी काठी घाला आणि मागच्या बाजूने जांभ्याचे चिरे ठेवा. धुराचं यंत्र मी तरी लावणार नाही, धूर क्षणात प्रेक्षकांत जातो. आणि कापसाची दाढी असेल तर मेणबत्ती, फुलबाजी, अनार काहीही जवळ नको. कापूस डोळ्याची पापणी लवेपर्यंत पेट घेतो.

सांताचं काम कोणीही बारीक अंगाच्या माणसाला द्या, पोटाला उशी बांधता येते. फक्त तो मुलांच्या रोजच्या ओळखीचा नको, आणि असलाच तर चप्पल घरची घालू नये. मुलं चेहऱ्याआधी पाय ओळखतात.

तालीम संध्याकाळी सात नंतर, खऱ्या काळोखात करा आणि मोबाइलवर चित्रण करून बघू नका, कॅमेऱ्याला डोळ्याला न दिसणारंही दिसतं आणि उलटही होतं. दोरीवर चांदणी निदान दहा वेळा ओढून बघा. कप्पी कुरकुरली तर खोबरेल नको, ते खाली ठिबकतं. मेणबत्तीचं मेण दोरीवर घासा.