रिपोर्ट नॉर्मल, मग घसा का आवळतो?

ताई, मी ३६ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. गेल्या वर्षी माझे सासरे, अण्णा, घशाच्या कॅन्सरने गेले. चाळीस वर्षं तंबाखू-चुना होता. शेवटी नाकातून नळी होती, तिच्यातून जेवण घालायचं काम माझ्याकडेच होतं. ते गेले तेव्हा मी रडलेसुद्धा नाही, पाहुण्यांचं करण्यातच दिवस गेले. दिवाळीनंतर माझ्या घशात गोळा अडकल्यासारखं सुरू झालं. आवंढा गिळला तरी खाली जात नाही. काउंटरवर गर्दी झाली की गळा आवळल्यासारखा होतो. चहा पिताना तेवढं बरं वाटतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, थायरॉईडची तपासणी केली, सगळं नॉर्मल. “टेन्शन घेऊ नका” म्हणाले. नवरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत. सासूबाई मीठ-मोहरी उतरून टाकतात. रात्री सगळे झोपले की मी मोबाईलवर शोधत बसते. अडकेल या भीतीने भाकरी सोडली, खिचडी आणि दुधात कुस्करलेली पोळी खाते. तीन किलो वजन उतरलंय. पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा दुर्बीण करावी का? की मला वेड लागतंय?

– स.

बाई गं, वेडबीड काही लागलेलं नाही. आणि नवरोबा म्हणतात तसे हे मनाचे खेळही नाहीत. घसा खरोखरच आवळतोय.

अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. एरवी ते मिटलेलं असतं आणि घास आला की तेवढ्यापुरतं उघडतं. माणूस धास्तावला की हे कडं बटव्याची नाडी ओढावी तसं जास्तच आवळतं. त्यात भीतीने तोंडाला कोरड पडते. मग तू नुसतीच आवंढा गिळतेस. ढकलायला आत काही नसतं, म्हणून ते आवळलेपण तेवढं जाणवतं. घास किंवा चहाचा घोट आला की कडं आपलं काम करतं, सैल होतं आणि गोळा गायब! तू “चहा पिताना तेवढं बरं वाटतं” हे जाता जाता लिहून गेलीस, पण मला तेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. आत खरोखर गाठ असती तर चहाने बरं वाटलं नसतं, आणि भाकरीच्या घासाला त्रास आधी झाला असता. डॉक्टर याला ग्लोबस म्हणतात. त्यांच्या ओपीडीत हे रोजचं आहे, म्हणूनच बहुधा “टेन्शन घेऊ नका” एवढ्यावर त्यांनी तुला वाटेला लावलं. दोन वाक्यं समजावून सांगितली असती तर तुझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या, पण ते असो.

नवऱ्याला पटत नसेल तर त्याला समोर बसव आणि पाणी न पिता लागोपाठ सात-आठ वेळा नुसती थुंकी गिळायला सांग. चौथ्या-पाचव्या वेळी तोही अडखळेल. कुणाचाही घसा अडखळतो. तू हे दिवसातून किती वेळा करतेस? गोळा आहे का बघायला आवंढा, आवंढा गिळला म्हणून पुन्हा गोळा. जोडीला खाकरणं असेलच. खाकरल्याने स्वरतंतू आणखी चिडतात आणि घशात काहीतरी आहे असं वाटतच राहतं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक छोटा घोट घे. बाटली ड्रॉवरमध्ये नको, हाताशी ठेव. आणखी एक, श्वासाची वाट निराळी आहे. हे कडं कितीही आवळलं तरी त्याने श्वास कोंडत नाही. काउंटरवर “आता जीव जातो” असं वाटतं ते घाबरून छातीच्या वरच्या भागानेच श्वास घेतल्यामुळे.

गर्दीच्या वेळी स्वतःकडे जरा बघ. नोटा मोजताना दात एकमेकांवर दाबलेले, खांदे कानाला भिडलेले आणि बंडल संपेपर्यंत श्वास धरलेला, असं होतंय का? होत असेल तर पुढच्या माणसाची स्लिप हातात घेण्याआधी एकच करायचं. ओठ मिटलेले, पण दात सुटे, जीभ तोंडात खाली टेकलेली, आणि श्वास सावकाश बाहेर. आत घ्यायला चार आकडे, सोडायला सहा. सोडणं लांबवायचं, खोल घ्यायच्या मागे लागायचं नाही. रांगेतल्या माणसाला कळणारही नाही. घरी सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं भ्रामरी कर. ओठ मिटून गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि घसाही सैल होतो. मुद्दाम मोठी जांभई देणं हाही चांगला उपाय आहे, मॅनेजर समोर नसतील तेव्हा.

सकाळी उपाशीपोटी चहा आणि रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणं असं चालू असेल तर ते बदल. पोटातलं आम्ल वर येऊन घसा हुळहुळा करतं आणि तिथली प्रत्येक जाणीव मोठी वाटायला लागते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ देत.

आता पुण्याचं. सध्या जाऊ नकोस. मात्र ज्यांनी दुर्बीण केली त्यांच्याकडेच एकदा परत जा, कारण वजन उतरल्याचं तू त्यांना सांगितलंस की नाही हे पत्रात नाही. खाणंच निम्म्यावर आणलंस तर वजन उतरणार, हे उघड आहे. तरी त्यांना ते कळायला हवं. आणि या वेळी कागदावर प्रश्न लिहून ने. पुन्हा दुर्बीण लागेल असं ते म्हणाले तर कर, नाही म्हणाले तर तो विषय तिथेच मिटव. पुढे कधी घास खरोखर अडकायला लागला, गिळताना दुखलं, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, मानेत गाठ हाताला लागली, थुंकीतून रक्त आलं, एकाच कानात दुखत राहिलं किंवा पोटभर जेवूनही वजन उतरत गेलं, तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जायचं. एवढं लक्षात ठेवलंस की रात्रीच्या मोबाईलची गरज उरत नाही. रात्री एक वाजता “घशात गोळा” शोधलं की मोबाईल सगळ्यात भयंकर तेच आधी दाखवतो. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि गजराला साधं घड्याळ आण.

अण्णांचं तुला होईल ही भीती तू स्पष्ट लिहिली नाहीस, पण ती आहे. त्यांचं दुखणं सेवा करणाऱ्याला लागत नाही. ते त्यांना मुख्यतः तंबाखूने दिलं, आणि तू तर त्यांच्या रक्ताचीही नाहीस, सून आहेस. हे डोक्याला पटेल, घशाला पटायला मात्र वेळ लागेल. कारण नळीने जेवण घालणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. वरण-भात मिक्सरमधून काढून फडक्याने गाळायचा, एक कण राहिला तर नळी तुंबते. सिरिंजने हळूहळू सोडायचं, मग पाणी, मग उलटी होऊ नये म्हणून पाठीला उशा लावून त्यांना अर्धा तास बसवून ठेवायचं. हे दिवसातून पाच-सहा वेळा, नोकरी सांभाळून. घास घशात अडकला तर काय होतं याची धास्ती तू महिनोन् महिने बाळगलीस. आणि ते गेल्यावर तुला रडायला कुणी वेळच दिला नाही. न रडलेलं असं घशात येऊन बसतं, यात मला काही नवल वाटत नाही.

नवऱ्याशी बोल, पण घशाबद्दल नाही, अण्णांबद्दल. वडील त्याचे गेलेत. “मनाचे खेळ” म्हणून तो विषय झटकतो त्यात त्याचंही काही दडलेलं असेल. रडू आलं तर दोघांनी रडा. सासूबाईंच्या मीठ-मोहरीशी भांडू नकोस, त्यांनाही हाताला काहीतरी काम हवंय.

भाकरी या आठवड्यापासून सुरू कर. मऊ खाल्लं म्हणून अडकलं नाही, असा तुझ्या मनाने हिशेब मांडलाय. तो जितके दिवस चालेल तितकी भाकरी अवघड वाटत जाईल. आधी आमटीत चुरून, काल्यासारखी. दोन-तीन दिवसांनी भाजीला लावून छोटे घास. सुरुवात रात्रीच्या जेवणाला, घरच्यांसोबत, टीव्ही बंद करून. मग डब्यात. घशाकडे लक्ष जाईलच, जाऊ दे, पण घास संपव.

महिना-दीड महिना हे करूनही फरक पडला नाही, किंवा काउंटरवर जायचीच भीती बसली, तर समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेट. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. चिंतेवरच्या गोळ्या दिल्याच तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नकोस. शेजारणीच्या पाकिटातली झोपेची गोळी मात्र अजिबात घ्यायची नाही, तिची सवय लागते. पतसंस्थेत रजेचं कारण विचारलं तर “घशाची ट्रीटमेंट चालू आहे” एवढंच सांग.