पाइपचा तंबाखू की सिगार: अमेरिकेत स्वस्त काय पडतं, सहज काय मिळतं?

तुम्ही न्यू जर्सीत नवीन आहात आणि दोन्हींपैकी खिशाला काय परवडेल, जवळपास काय मिळेल असं विचारलंय. थोडक्यात सांगायचं तर परवडतो पाइप, मिळतो सिगार.

चांगल्या तंबाखूचा 50 ग्रॅमचा डबा साधारण 12 ते 18 डॉलरला पडतो. पाइप एकदा भरायला अडीच-तीन ग्रॅम पुरतो, म्हणजे एका बैठकीचा खर्च जेमतेम डॉलरभर. हाताने वळलेला निकाराग्वाचा बरा सिगार 8 ते 12 डॉलरला एक, आणि तासाभरात त्याची राख. पाइप विकत घ्यावा लागतो हे खरं, पण मिसूरीत 1869 पासून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे पाइप बनतात, ते पंधराएक डॉलरच्या आत मिळतात. ब्रायरच्या लाकडाचा नंतर घ्या, घाई नाही.

मात्र गॅस स्टेशनवर ‘पाइप टोबॅको’ लिहिलेली मोठाली स्वस्त पिशवी दिसली तर हुरळून जाऊ नका. 2009 मध्ये सिगारेट वळायच्या सुट्या तंबाखूवरचा केंद्रीय कर पौंडाला 24.78 डॉलर झाला, पाइपच्या तंबाखूवरचा फक्त 2.83. मग काय, कंपन्यांनी सिगारेटचाच माल पाइपच्या नावाने विकायला काढला. आत केसांसारखा बारीक चिरलेला, कोरडा तंबाखू असतो. पाइपात भरभर जळतो आणि जीभ पोळते. खरा पाइपचा तंबाखू जाडसर कापलेला किंवा दाबून चकत्या पाडलेला असतो, चिमटीत घेतला तर किंचित दमट लागतो.

असा खरा पाइपचा तंबाखू गल्लीतल्या दुकानात क्वचितच सापडतो. तिथे फार तर चेरी-व्हॅनिलाच्या वासाच्या दोन-चार बरण्या असतात. बाकी सगळं ऑनलाइन, वय 21 पूर्ण असल्याचा पुरावा देऊन. सिगार मात्र दारूच्या दुकानातही मिळतो. पलीकडच्या पेनसिल्व्हेनियात तर सिगारवर राज्याचा तंबाखू-कर नाहीच, उलट पाइपच्या तंबाखूवर औंसाला 55 सेंट आहे! म्हणून न्यू जर्सीतले शौकीन सिगार घ्यायला डेलावेअर नदी ओलांडतात. क्युबन सिगारचा विचार सोडा, ते इथे विकायला बंदी आहे.

सिगारचा आणखी एक छुपा खर्च म्हणजे साठवण. त्याला 65 ते 70 टक्के आर्द्रता राखणारी पेटी (ह्युमिडोर) लागते. हिवाळ्यात घरात हीटर सुरू झाला की पेटीबाहेरचा सिगार आठवड्यात तडकतो. पाइपचा तंबाखू काचेच्या बरणीत घट्ट बंद केला की वर्षानुवर्षं टिकतो. (धूर छातीत ओढत नाही म्हणून धोका नाही, असं दुकानदार सांगेल. ऐकू नका, तोंडाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींत आहे.)

भारतात कुणासाठी न्यायचं असेल तर कस्टमची सवलत 25 सिगार किंवा 125 ग्रॅम तंबाखू इतकीच, म्हणजे पाइपवाल्या काकांसाठी दोन डबे.