जगाच्या अंताच्या भाकितांमुळे क्रुसेडमधले (मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयुद्धांमधले) प्रत्यक्ष निर्णय बदलले का?

काही प्रमाणात नक्कीच. पाचवं क्रुसेड पाहा. त्याची हाक देताना पोप तिसऱ्या इनोसंटने १२१३ साली चक्क हिशेब मांडला होता: बायबलमध्ये ‘पशू’चा आकडा ६६६, तो पशू म्हणजे इस्लाम, त्याचं आयुष्य ६६६ वर्षांचं, आणि त्यातली जवळजवळ ६०० वर्षं सरलीच!

क्रुसेडरांनी इजिप्तमधल्या दमिएत्ता बंदराला वेढा घातला. तेव्हा इजिप्तचा सुलतान अल-कामिल म्हणाला, इजिप्त सोडा, जेरुसलेम घ्या. पोपचा प्रतिनिधी कार्डिनल पेलाजियस याने नकार दिला. नोव्हेंबर १२१९ मध्ये शहर पडलं आणि मग छावणीत भाकितांना ऊत आला. अरबी भाषेतल्या भविष्यवाण्यांची भाषांतरं सैन्याला वाचून दाखवली गेली. त्यात बातमी आली की पूर्वेकडून डेव्हिड नावाचा ख्रिस्ती राजा मुसलमान राज्यं जिंकत येतोय. काही जण त्याला हिंदचा राजा म्हणत. पॅलेस्टाइनमधल्या एकर शहराचा बिशप जॅक द व्हित्री याने १२२१ मध्ये ही वार्ता युरोपला कळवली. मुळात त्या गोष्टीमागे होत्या चंगेजखानाच्या स्वाऱ्या!

काही अंशी याच भरवशावर जुलै १२२१ मध्ये सैन्य कैरोकडे निघालं, ऐन नाईलच्या पुराच्या हंगामात. इजिप्शियनांनी पाणी सोडलं, चिखलात फौज अडकली, आणि दमिएत्ताही परत द्यावं लागलं.

तरी पेलाजियसला निव्वळ भोळसट ठरवणं मला पटत नाही. सुलतानाचा देकार नाकारायला कारणंही होती: जेरुसलेमचे तट आधीच पाडलेले होते, जॉर्डन नदीपलीकडचे किल्ले सुलतान द्यायला तयार नव्हता, आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक मदतीला येईल ही आशाही होतीच.