वरच्या मजल्यावर धार बारीक येते? प्रेशर पंप घ्यायच्या आधी टाकीखालचा पाइप बघा

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या रामबागेतलं घर 1981 सालचं आहे, टाकी गच्चीवर आहे, तरी वरच्या न्हाणीघरात बादली भरायला सात-आठ मिनिटं लागतात. प्लंबर म्हणतो प्रेशर पंप बसवा. बसवावा का?

इतक्यात नका बसवू. लोकमान्य नगरच्या आमच्या घरी आम्ही आधी पंपच आणला होता. आठ दिवस शॉवर छान चालला, मग न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली. भिंतीतल्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, दाब सहन न होऊन झिरपत होता. भिंत फोडली, प्लंबरने वीतभर तुकडा कापून ओट्यावर ठेवला. आत तांबडा गंज आणि त्यावर पांढरा, दगडासारखा क्षार, कारण आमच्याकडे कितीतरी वर्षं बोअरिंगचंच पाणी टाकीत चढायचं. मधे करंगळीसुद्धा जाईना. आईने देवघरातून उदबत्ती आणून आत घालून पाहिली, तीही अडखळत गेली. अर्धा इंची पाइपाचं हे झालेलं! आतलं भोक निम्म्यावर आलं की पाणी निम्मं येत नाही, जेमतेम सहावा हिस्सा येतं.

म्हणून आधी अडलंय कुठे ते शोधा. एकाच नळाची धार बारीक असेल तर तोटीच्या तोंडाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, अँगल कॉक (नळाआधीचा भिंतीतला छोटा व्हॉल्व्ह) उघडून साफ करा. फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गिझरकडे बघा. सगळेच नळ मंद असतील तर गच्चीवर जा आणि टाकीच्या व्हॉल्व्हपुढचं युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड) सोडून तिथेच 10 लिटरची बादली भरून बघा. तिथे धो धो पडतंय आणि खाली येत नाही, म्हणजे पाइप चोंदलाय. तिथेच कमी पडत असेल तर व्हॉल्व्ह किंवा टाकीच्या तळाचा गाळ. जुन्या गेट व्हॉल्व्हची आतली चकती दांड्यापासून सुटते, वरचं चाक फिरत राहतं आणि चकती मात्र वाटेत पडलेली असते. बॉल व्हॉल्व्ह लावून टाका.

पाइप बदलायचा झाला तर जुनी भिंत फोडत बसू नका, बाहेरून नवी लाइन घ्या. टाकीपासून सव्वा इंची, न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त तोटीजवळ. एल्बो जितके कमी तितकं बरं. बाहेरचा प्लास्टिक पाइप उन्हाने ठिसूळ होतो, त्याला रंग द्या. टाकीच्या आउटलेटजवळ एअर पाइप हवाच, त्याचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर. नाहीतर हवा अडकून धार तुटते.

इतकं करूनही वरच्या मजल्याला दाब थोडाच मिळेल, कारण टाकी डोक्यावर जेमतेम दोन मीटर. 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब, म्हणजे तुमच्या शॉवरला 0.2. टाकी मीटरभर उचलली तर 0.3 होईल. पण भरलेली 1000 लिटरची टाकी एक टनाची, ती स्लॅबच्या मधोमध नको, खाली भिंत असेल तिथेच चौथरा बांधा, आणि आधी कोणा जाणकाराला दाखवा. नवी लाइन झाल्यावर शॉवरची हौस उरलीच तर लहान पंप टाकीच्या पुढे लावा, खुशाल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. नर्मदेच्या लाइनला, म्हणजे नर्मदेचं पाणी घरोघर आणणाऱ्या नळाच्या लाइनला, थेट मोटर लावू नका, सगळी गल्ली लावत असली तरी. नळ येतात तेव्हा पाणी आपोआप हौदात पडू द्या आणि मोटर हौदातून वर चढवू दे. थेट ओढलं की शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, शिवाय लाइनीत उलटी ओढ तयार होऊन फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं. नर्मदेकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर चढवून आणलेलं पाणी आपल्याच दारात नासायचं, आणि तेच पोरं पिणार.

बादलीचा वेळ दोन्हीकडे मोजून इथे लिहा, गच्चीवरचा आणि न्हाणीघरातला. नवा पाइप किती लागेल ते मग सांगतो.